'फिट' म्हणजे कशाला फिट?

जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया विणणारे लूम रात्रंदिवस चालतात. तिथला एक ऑपरेटर मागच्या वर्षी माझ्याकडे आला. उजव्या हाताच्या दोन बोटांचे टेंडन, म्हणजे बोट वाकवणाऱ्या दोऱ्या, मशीनमध्ये कापल्या गेल्या होत्या. ऑपरेशन झालं, टाके निघाले, सात आठवडे झाले. सर्जननी एका ओळीचा कागद दिला: कामावर रुजू होण्यास फिट. गेटवर कागद घेतला, ऑफिसात फाईलला लागला आणि दुपारच्या पाळीत भाऊ पुन्हा त्याच लूमवर उभा. संध्याकाळी हात सुजून भाकरीएवढा. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर हात ठेवून तो अहिराणीत म्हणाला, "डॉक्टरसाहेब, कागदवर फिट शे, हातमा नही."

सर्जनचं काही चुकलं नव्हतं. दोरी जुळली का, जखम कोरडी झाली का, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे होता आणि त्याचं उत्तर 'हो' होतं. पण हा माणूस आठ तास करतो काय, ताणलेला धागा बोटांत धरून किती जोराने ओढतो, दिवसातून किती वेळा ओढतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांच्या ओपीडीतल्या गर्दीत विचारायला वेळही नव्हता. शिवलेली दोरी पहिले सहा आठवडे तुटायच्या बेतात असते. ओझं पेलायला, घट्ट मूठ मारून ओढायला ती साधारण बारा आठवड्यांनी तयार होते. सातव्या आठवड्यात हा हात चहाचा कप धरायला फिट होता, जेवायला फिट होता, रजिस्टर लिहायला फिट होता. लूमला नव्हता.

ही मधली फट भरण्यासाठी एक वेगळा डॉक्टर लागतो. त्याला वैद्यकीय सल्लागार म्हणा, कारखान्याचा डॉक्टर म्हणा, व्यवसाय-आरोग्यतज्ज्ञ म्हणा. मी आठवड्यातून तीन दिवस हेच काम करतो. लोक विचारतात, तुम्ही ऑपरेशन करत नाही, गोळ्या फारशा लिहीत नाही, मग करता काय?

आधी एक घोळ सोडवतो. जखमी कामगाराच्या वाटेत डॉक्टर बरेच येतात आणि सगळ्यांना 'डॉक्टरसाहेब'च म्हटलं जात असल्याने कोण कशासाठी आहे ते कळत नाही. इलाज करणारा सर्जन वेगळा. ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेच्या, दवाखान्यातला वैद्यकीय अधिकारी वेगळा. तो रजेचे दाखले देतो, पहिला, मधले आणि शेवटचा. रजा लांबत चालली की ईएसआयचा मेडिकल रेफरी तपासतो, दाखले बरोबर चाललेत ना ते पाहतो. कायमचं अपंगत्व किती टक्के, हे ठरवायला मेडिकल बोर्ड बसतं. जुन्या कारखाने कायद्याखाली सर्टिफायिंग सर्जन असायचा, विमा कंपनीचा डॉक्टर असतो. सल्लागाराचं काम या सगळ्यांच्या मधलं. पैसे किती द्यायचे हे तो ठरवत नाही, नोकरी ठेवायची की काढायची हेही नाही. हा माणूस, आज, या कामातलं नेमकं काय करू शकतो, हे सांगणं त्याचं काम.

आणि ते सांगायचं तर काम डोळ्याने पाहावं लागतं. खुर्चीत बसून हे होत नाही, हे मी स्वतः तोंडघशी पडून शिकलो. सुरुवातीच्या काळात मनगटाच्या फ्रॅक्चरच्या एका माणसाला मी 'हलके काम द्यावे' असं लिहून दिलं होतं. पंधरा दिवसांनी मनगट आधीपेक्षा वाईट. कारखान्यात जाऊन पाहिलं. सुपरवायझरने मन लावून माझं ऐकलं होतं, मशीनवरून काढून त्याला झाडू मारायला लावलं होतं. लांब दांड्याचा झाडू, मोठा शेड, दिवसभर मनगटाला पीळ. त्याच्या जुन्या मशीनला फक्त एक लिव्हर होता, तोसुद्धा डाव्या हाताने ओढता आला असता! 'हलके काम' हे दोन शब्द मी त्या दिवसापासून लिहिणं सोडलं. कंबर धरलेल्या माणसाला 'बसून पॅकिंग' देतात, तेही तसंच. बिनपाठीच्या स्टुलावर आठ तास बसणं हे कंबरेला उभं राहण्यापेक्षा जड जाऊ शकतं.

आता मी लिहितो ते असं असतं: दोन्ही हातांनी दहा किलोपर्यंत, जमिनीवरून नव्हे, टेबलाच्या उंचीवरून उचलता येईल. उजवा हात खांद्याच्या वर नेऊ नये. सलग अर्धा तास उभं राहिल्यावर पाच मिनिटं बसू द्यावं. शिडी नको. रात्रपाळी चालेल. ही मर्यादा तीन आठवड्यांसाठी, त्यानंतर पुन्हा तपासणी. तारीख टाकल्याशिवाय मी कागद हातातून सोडत नाही. तारीख नसलेली सवलत कंपनीला कायमचं लोढणं वाटते, आणि कामगाराला वाटतं की आपला हात आता असाच राहणार.

बाहेरच्या देशांनी यासाठी बरी सोय केली आहे. ब्रिटनमध्ये २०१० पासून डॉक्टरच्या दाखल्यावर 'कामास योग्य नाही' याच्या जोडीला 'पुढील बदल केल्यास कामास योग्य असू शकेल' असा पर्याय आला आणि त्याखाली चार चौकटी: हळूहळू वाढवत परत येणं, कामाच्या वेळा बदलणं, कामाचं स्वरूप बदलणं, जागेत सुधारणा करणं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात कामगार विमा मंडळाचा एक छापील फॉर्म आहे. त्यात किती चालता येतं, किती वेळ उभं राहता येतं, जमिनीपासून कंबरेपर्यंत किती उचलता येतं, हे डॉक्टर भरतो आणि तो मालकाकडे जातो. त्या फॉर्मवर आजाराचं नाव नसतं. मालकाला काय झालंय ते कळायची गरज नाही, काय जमतं ते कळलं की पुरे. मला त्या फॉर्ममधलं हे सगळ्यात आवडतं. आपल्याकडे उलट. गेटवरच्या वॉचमनपासून सगळ्यांना कामगाराची साखर किती, दारू पितो का, डोक्याची गोळी चालू आहे का, हे माहीत, आणि तो किती किलो उचलू शकतो हे कोणालाच नाही.

सुट्टी किती घ्यायची, यावर दोन टोकांची मतं ऐकू येतात. मालक म्हणतो लवकर या. घरचे म्हणतात पूर्ण बरं होईपर्यंत हलू नका. हाताला प्लॅस्टर आहे म्हणून खाटेवर पडून राहिलेला माणूस खांदाही आखडून घेतो, मग हाताआधी खांद्याचा इलाज करावा लागतो. साध्या कंबरदुखीत पडून राहिल्याने दुखणं लांबतं, हे आता डॉक्टरांमध्ये वादाचं राहिलेलं नाही. फिरतं राहणारा माणूस लवकर सुटतो. आणि मन. दोन महिने घरी बसलेला, ज्याच्या पगारावर घर चाललं होतं तो माणूस चौकात जायला लाजतो. सासरी जायला टाळतो. एकाने मला विचारलं होतं, "घर बशीसन काय खावानं?" प्रश्न पैशाचा होता, पण निव्वळ पैशाचा नव्हता. दुसऱ्या बाजूला आमचा लूमवाला भाऊ. घाई केली म्हणून त्याच्या हाताचं नुकसान झालं. म्हणून 'शंभर टक्के बरं झाल्यावर' आणि 'उद्याच' या दोन्हींच्या मधे पायऱ्या बांधाव्या लागतात.

त्या पायऱ्या आपल्याकडे बांधणं कठीण का जातं, याचं एक कारण कायद्यातच आहे. ते बारकाईने समजून घ्या, कारण इथे कामगारांचा बराच गोंधळ होतो.

ईएसआयच्या १९४८ च्या कायद्यात कामावर इजा झालेल्या विमाधारकाला, अपघाताचा दिवस सोडून तीन दिवसांपेक्षा कमी नाही इतकी अक्षमता असेल तर, बरा होईपर्यंत सरासरी रोजाच्या ९० टक्के रोख भत्ता मिळतो. साध्या आजारपणात तोच ७० टक्के. चांगली रक्कम आहे. आणि हा भत्ता चालू असताना मालकाला कामावरून काढता येत नाही, ही तरतूदही आहे. पण ज्या दिवशी तुम्ही कामावर जाऊन रोज घेतला, त्या दिवसाचा तात्पुरत्या अक्षमतेचा भत्ता नाही. म्हणजे 'अर्धा दिवस काम, अर्धा दिवस भत्ता' ही सोय नाही. ब्रिटनच्या चौकटीतलं 'हळूहळू वाढवत' इथे उचलून आणलं, तर कामगाराचा खिसा कापला जातो. त्यामुळे मी तास कमी करा असं सहसा सांगत नाही. पाळी पूर्ण ठेवा, काम बदला, असं सांगतो. पूर्ण रोज, पण पहिले तीन आठवडे तपासणीच्या टेबलावर, मग तीन आठवडे मशीनवर जोडीदारासोबत, मग एकटा. चटईच्या, पाईपच्या कारखान्यात हे जमतं, कारण तिथे तपासणी, लेबल, नोंदी अशी कामं असतात. दालमिलमध्ये जमवायला घाम फुटतो. तिथे हमालाच्या पाठीवर पन्नास किलोचं पोतं, आणि पोत्याला पर्याय म्हणजे दुसरं पोतं.

जिनिंगवाल्यांची गोष्ट आणखी वेगळी. खान्देशात दसऱ्या-दिवाळीपासून कापसाची आवक सुरू झाली की जिनिंग-प्रेसिंगचे, म्हणजे सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे, कारखाने सुरू होतात. हंगामी कारखान्यांना ईएसआय कायद्याने वगळलं आहे आणि कापसाचं जिनिंग-प्रेसिंग त्या हंगामी व्याख्येत नावानिशी आहे. तिथे रोलरमध्ये हात गेला तर ९० टक्के वगैरे काही नाही. भरपाईचा १९२३ चा कायदा लागतो. त्यात तात्पुरत्या अक्षमतेला दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला निम्मा पगार, फार तर पाच वर्षं. औषधपाण्याचा खरा खर्च मालकाने द्यायचा. माणूस ठेकेदाराचा असला तरी मुख्य मालकाची जबाबदारी सुटत नाही. सातपुड्यातून, सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशातून हंगामापुरते आलेले कामगार हात बांधून गावाकडे निघून जातात आणि पुन्हा दिसतच नाहीत, म्हणून हे ठळक लिहितोय. हे दोन्ही जुने कायदे आता सामाजिक सुरक्षा संहितेत घेतले आहेत आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. भरपाईच्या हिशोबाची मूळ रीत मात्र तीच आहे.

ती रीत एकदा पाहूनच घ्या. कायद्याला जोडलेल्या यादीत कोणता अवयव गेला की कमावण्याची ताकद किती टक्के गेली, हे छापलेलं आहे. अख्खा अंगठा ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४. एका हाताची चार बोटं ५०. एक डोळा, दुसरा शाबूत असताना, ४०. आता समजा अंगठा गमावलेला माणूस ३० वर्षांचा आहे. हिशोबाला पगार धरायची मर्यादा २०२० पासून १५,००० रुपये, त्याचे ६० टक्के ९,०००. कायद्यात वयाप्रमाणे गुणक दिलेला आहे, तिसाव्या वर्षाचा २०७.९८. गुणाकार १८,७१,८२० रुपये, ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. तिचे ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६ रुपये. कोणी तुमच्यासमोर 'पन्नास हजार घे आणि सही कर' म्हणालं, तर हा गुणाकार मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होतो.

यादीत नसलेल्या इजेला, म्हणजे आखडलेलं मनगट, न वळणारा गुडघा, डॉक्टरला टक्के ठरवावे लागतात. इथेच सगळ्यात मोठी गफलत होते. शरीराचं नुकसान आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी. सुप्रीम कोर्टापुढे एका सुताराचं प्रकरण आलं होतं, प्रतापनारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता, निकाल १९७५ च्या डिसेंबरचा. सुताराचा डावा हात कापावा लागला होता. मालकाचं म्हणणं, हे काही पूर्ण अपंगत्व नाही. कोर्टाने सांगितलं, सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून हे पूर्णच. तोच हात सरकारी कारकुनाचा गेला असता तर त्याचा पगार कदाचित चालू राहिला असता. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात कोर्टाने हाच फरक ड्रायव्हर आणि कारकून अशा उदाहरणांनी उलगडून दाखवला. तो वाहन अपघाताचा खटला होता, पण विचार तोच. म्हणून बोर्डापुढे नुसता एक्स-रे घेऊन जाऊ नका. काम काय करत होतात, त्यात हाताला काय करावं लागत होतं, याचं लेखी वर्णन सोबत असू द्या. ते वर्णन लिहून देणं हेही सल्लागाराचंच काम, आणि बहुतेक कोणी मागतच नाही.

या टक्क्यांमुळे एक भीती बसलेली असते. 'कामावर गेलो तर टक्के कमी होतील' म्हणून माणसं हात बरा असूनही रुमालात बांधून येतात. ओपीडीच्या दारात रुमाल, आणि शंभर पावलं पुढे त्याच हाताने मोटारसायकलची किक. मला राग येत नाही, कारण आपली व्यवस्थाच माणसाला आजारी दिसण्याचे पैसे देते. पण ईएसआयबाबत एक गोष्ट पक्की माहीत असू द्या: कायमच्या अपंगत्वाचा भत्ता बोर्डाने एकदा कायमचा ठरवला की तो आयुष्यभर, आणि तुम्ही कामावर परत गेलात, पगार घेतलात, म्हणून तो बंद होत नाही. बोर्डाचा निकाल मान्य नसेल तर अपिलाची वाट आहे.

सरकारी नोकरीत वाट बरीच सोपी. भुसावळच्या रेल्वेतल्या घरांत 'डीकॅट', म्हणजे वैद्यकीय श्रेणी खाली येणं, हा शब्द सासू-सुनाही वापरतात. गाडी चालवणारा लोको पायलट दृष्टीच्या सर्वात कडक श्रेणीत असतो. डोळ्याला काही झालं की रेल्वेचा डॉक्टर त्याला खालच्या श्रेणीत टाकतो आणि त्याला ऑफिसात किंवा शेडमध्ये पर्यायी जागा मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर सगळ्याच सरकारी आस्थापनांना बांधून ठेवलंय: नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढता येत नाही, पद कमी करता येत नाही, त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, जागा नसेल तर निवृत्तीपर्यंत वाढीव जागा तयार करायची. एसटीच्या ड्रायव्हरला हे लागू, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या यंत्रावरच्या माणसालाही त्या कलमाकडे बोट दाखवता येतं. चटईच्या लूमवरच्या भावाला नाही. त्याची नोकरी टिकते ती मालकाच्या समजुतीवर, सुपरवायझरच्या कल्पकतेवर आणि थोडी डॉक्टरच्या कागदावर.

मग तुम्ही विचाराल, डॉक्टर, तुम्हाला पैसे कोण देतं? कंपनी देते. हे लपवून चालत नाही. मी पहिल्याच भेटीत कामगाराला सांगतो: दादा, माझी फी कंपनी देते, पण तुझ्या आजाराचा कागद माझ्या कपाटात राहील, कंपनीला फक्त काय जमतं, काय जमत नाही आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढंच जाईल. आणि तिकडे जाईल त्याची प्रत तुझ्या हातात. एका ठिकाणी मला 'साहेब, याला अनफिटच लिहा, मग आम्ही बघतो' असं फोनवर सांगितलं गेलं. मी जमतं तेच लिहिलं. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरा डॉक्टर नेमला.

लूमवाल्या भावाचं पुढे असं झालं. मी, तो आणि त्याचा सुपरवायझर, तिघं लूमजवळ उभे राहिलो. भावाने मोबाईलवर जोडीदाराच्या हाताचा व्हिडिओ काढला: धागा तुटला की बोटं कुठे जातात, गाठ कशी मारतात, ताण कुठे बसतो. तो व्हिडिओ मी सर्जनना आणि फिजिओथेरपिस्टला पाठवला. सर्जनचा पाच मिनिटांत फोन आला, "हे आधी का नाही दाखवलं?" फिजिओथेरपिस्टने दुसऱ्या दिवसापासून रबरी चेंडू बाजूला ठेवून नायलॉनच्या धाग्यावरच सराव सुरू केला. हात सुजल्याने दोन आठवडे वाया गेले होते, पण दोरी तुटली नव्हती. पाच आठवडे तपासणीच्या टेबलावर काढून तो लूमवर जायला तयार झाला.

तारीख आली एप्रिलच्या शेवटची. इथे मी आणखी एक ओळ लिहिली, जी खान्देशाबाहेरचा डॉक्टर कदाचित लिहिणार नाही. त्या आठवड्यात जळगावचा पारा ४४ अंशांवर होता, आणि टेबल होतं कूलरजवळ, लूमच्या शेडवर मात्र तापलेले पत्रे. पाईपच्या एक्स्ट्रूडरशेजारी, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून पाईप काढणाऱ्या मशीनशेजारी, तर विचारूच नका, तिथलं बॅरल दीडशे अंशांच्या वर तापतं. उन्हाची सवय शरीराला आठवड्या-दोन आठवड्यांत लागते आणि महिनाभर सावलीत काढला की बहुतेक सुटते. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार आरोग्य संस्थेची शिफारस आहे की सवय असलेला जुना कामगार खंडानंतर परतला, तर गरम जागेत पहिल्या दिवशी ५० टक्के काम द्यावं, दुसऱ्या दिवशी ६०, तिसऱ्या दिवशी ८०, चौथ्या दिवसापासून पूर्ण. सुपरवायझर म्हणाला, बोट कापलंय आणि तुम्ही उन्हाचं काय लिहिताय? मी म्हटलं, बोट तीन महिने सांभाळलं, आता माणूस चार दिवस सांभाळा.

त्याने ते चार दिवस दिले. पाळीही सकाळची दिली, आणि शेडच्या दाराशी माठ ठेवला.